बाहेरून सोनं, आतून चांदी

मित्रांनो, आधी मृणालची तक्रार करते, मग माझं नाव-गाव सांगते. या पोरीने माझ्यात मेणबत्त्या तरंगवल्या. हो, मेणबत्त्या! ज्या पोटात अर्ध्या चाळीचं कालवण शिजलं, त्या पोटात तिने नळाचं पाणी ओतलं, वर गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या आणि मला हॉलमध्ये टीव्हीखाली मांडलं. येणारा-जाणारा म्हणायचा, "वॉव, अँटिक पीस!" अँटिक म्हणे. मी काय मेले होते?

तर मी कल्याणजवळच्या मोहने गावची पितळी तपेली. जुनी आहे, पण पोचे दोनच आहेत आणि तेही दिसणार नाहीत अशा जागी. शाळा मी पाहिलेली नाही. माझ्या काठावर तीन अक्षरं कोरलेली आहेत, मंजुळा. तेवढंच माझं शिक्षण, पण पक्कं.

कोकणातल्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. अजून कधी ऊन तापलं की त्याचे घाव अंगात वाजतात. मंजुळाचा नवरा तेव्हा रेयॉनच्या कारखान्यात लागला होता. तिने गावात मडक्यांवर संसार केला होता. तिथे दुसऱ्यांच्या पाणवठ्याला नि भांड्याला हात लावायची तिला मुभा नव्हती. मला विकत घेतलं तेव्हा ती दुकानदाराला म्हणाली, "नाव माझं घाल. नवऱ्याचं नको." त्याने नाव घातलं. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "यातला जु कुठला?"

अशा बाईच्या घरी मी आले. मला अभिमान का नसावा?

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पितळेचं भांडं आतून उघडं ठेवून चालत नाही. आत कथलाचा पातळ मुलामा द्यावा लागतो. त्याला कल्हई म्हणतात. म्हणून मी बाहेरून सोनं आणि आतून चांदी. हा नखरा नाही. कल्हई गेली आणि आंबट पदार्थ उघड्या पितळेला लागला, की तो कळकतो. हिरवट पडतो, खाणाऱ्याच्या पोटात ढवळतं, उलट्या होतात. लहान मूल असेल तर आडवंच होतं.

आणि माझं तर आख्खं आयुष्य आंबटात गेलं. उन्हाळा आला की मला उसंत नसायची. सुकटीत कैरीच्या फोडी पडायच्या, तेव्हा वासाने पोरं अभ्यास सोडून यायची. कोवळ्या फणसाची भाजी, पिकल्या रायवळ आंब्यांचं गूळ-मोहरी घातलेलं रायतं, कलिंगड खाऊन झालं की त्याच्या पांढऱ्या सालीची तिखट भाजी, शेवटी गुळांबा. गोड म्हणू नका, तिखट म्हणू नका, फळ कुठल्याही वेशात आलं तरी मी त्याला सांभाळून घेतलं. बुद्धपौर्णिमेला विहारात वाटायचं कैरीचं पन्हं माझ्यातच व्हायचं. लोक पेला तोंडाला लावायचे आणि म्हणायचे, "मंजुळाबाईंच्या तपेलीतलं ना?" ऐकून मी जरा जास्तच चकाकायचे.

मंजुळाची एक रीत होती. आंबट काही घालायचं असलं की ती मला उचलून दाराशी न्यायची, उजेडाकडे तिरकी करायची आणि आत बघायची. तळ, कड, पुन्हा तळ. कुठे सोनं दिसलं तर चूल बंद. सून शालन नवी आली तेव्हा तिने न बघताच कैऱ्या चिरायला घेतल्या. मंजुळाने मला तिच्यासमोर धरलं. तळाशी बोटभर जागा पिवळी पडली होती. शालनचा चेहरा एवढासा झाला. मंजुळा म्हणाली, "हात चांगला आहे गं तुझा. नजर यायचीय."

शालनला नजर आली. चांगली आली. मंजुळा गेल्यावर तिने मला तसंच वागवलं. पण दिवस पालटले. कारखाना बंद पडला, चाळ पडली, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट झाला. स्टील आलं, कुकर आला, ते काळे तवे आले, ज्यांचं एका उलथन्याने कातडं सोलतं. कल्हईवाल्याची हाक गल्लीत ऐकू येईना. शालनच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. मला माळ्यावर चढवलं, दिवाळीच्या माळांच्या खोक्यावर. तिथे मी किती उन्हाळे काढले ते मोजलं नाही. खालून कैरीचा वास यायचा आणि माझ्या पोटात नुसती धूळ.

मग शालन डोळ्यांचं ऑपरेशन करायला ठाण्याला गेली आणि तिथेच खोपटला लेकीकडे राहिली. इकडे नात मृणालने मला खाली काढलं. पुढचं मेणबत्त्यांचं तुम्हाला ठाऊकच आहे.

बुद्धपौर्णिमा आली. सकाळी मृणालने फोनवर आईला सांगितलं, "मम्मा, संध्याकाळी विहारात पन्हं मीच करून नेते. आजी दुपारी येतेय ना, सरप्राइज! पणजीच्या तपेलीतच करणार." आई म्हणाली, "कर, पण गॅस बारीक ठेव." एवढं बोलून ती ऑफिसच्या कामाला लागली.

मला काय वाटलं सांगू? पाकळ्या गेल्या, मेणबत्त्या गेल्या. पोरीने मला मोरीत घेतलं आणि चिंच-मीठ लावून बाहेरून घासलं. जुनं अंग उजळलं. मी मनातल्या मनात तिला आशीर्वाद दिला. तेवढ्यात तिने हात आत घातला.

आत उरलीसुरली कल्हई होती. करडी, मळकट, पण होती. पोरीला ती घाण वाटली. "शी, किती काळं झालंय," म्हणत तिने तारेची घासणी घेतली आणि जोर लावून खरवडलं. कल्हई पाण्याबरोबर मोरीत गेली. मी आतबाहेर सोन्यासारखी झाले. तिने फोटो काढला.

मग गॅस पेटला. कितीतरी वर्षांनी बुडाला आच लागली, आणि आनंद व्हायच्या जागी मला धडकी भरली. कैऱ्या पडल्या. आंबट पाणी उघड्या अंगाला लागलं. गर झाला, गूळ पडला, वेलची पडली. मी ओरडत होते, थांब, थांब! पण मित्रांनो, भांड्याला तोंड मोठं असतं, आवाज नसतो. कोणी आपटलं, कोणी ठोकलं तरच आम्ही बोलतो. पोरगी गाणं गुणगुणत पळीने ढवळत होती, इतक्या हलक्या हाताने की माझ्या काठाला पळीचा धक्कासुद्धा लागू देत नव्हती.

शेजारची सान्वी आली. पाच वर्षांची, समोरचा एक दात पडलेला. "ताई, मला पयलं."

"पयलं तुलाच," मृणाल म्हणाली आणि तिने पेला भरून दिला. सान्वीने दोन्ही हातांनी तो धरला, फुंकर मारली.

आणि दाराची कडी वाजली. शालन आली होती. काळा चष्मा कपाळावर सरकवून ती सरळ स्वैपाकघरात आली. नवे डोळे घेऊन आली होती बाई. पोरीकडे बघायच्या आधी तिने माझ्यात बघितलं.

"ही आतून पिवळी का?"

"आजी, सरप्राइज! बघ ना, कसली चमकवलीय मी. आत इतकी घाण होती..."

"सान्वे! पेला खाली!" शालन अशी गरजली की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला. तिने पुढे होऊन पोरीच्या हातातला पेला हिसकला. "प्यालीस? खरं सांग. जीभ दाखव."

सान्वीने जीभ दाखवली आणि भोकाड पसरलं. "गलम होतं. नाय प्याले."

शालन मटकन खुर्चीत बसली. मीही बसले असते, पण मी गॅसवर होते.

"घाण नव्हती ती, माझे आई," शालन म्हणाली. "कल्हई होती." मग तिने सगळं समजावलं. मृणालचा चेहरा एवढासा झाला. तो चेहरा मी ओळखला. तसाच एक मी पूर्वी पाहिला होता.

"आजी, मी पोरांना हे पाजणार होते," ती म्हणाली.

"पाजलं नाहीस ना? मग रडतेस कशाला? डोळे पूस, मोरीत ओत ते. कैऱ्या उरल्यात का?"

"अर्धी पिशवी आहे."

"मग शेजारून स्टीलचा मोठा टोप आण. पन्हं होणार म्हणजे होणार. मी ठाण्याहून उन्हातनं कशाला आलेय?"

पन्हं झालं. संध्याकाळी विहारात वाटलं. सान्वी मागून मागून प्यायली आणि तिने सदरा पुढून चिकट करून घेतला. मी रिकामी, उपडी, ओट्यावर होते. पण खरं सांगते, एवढं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

मृणाल गप्प बसणाऱ्यांतली नाही. तिने फोनवर शोधशोध करून कल्याणातला एक कल्हईवाला काढला, सीतारामकाका. मला मांडीवर घेऊन ती रिक्षाने गेली. काकांनी मला तापवलं, नवसागर टाकला, पांढरा धूर उठला. मग कथील फिरवलं आणि कापसाच्या बोळ्याने आत पुसत नेलं. त्यांचा हात फिरेल तिथे चांदी उगवत होती. शेवटी पाण्यात बुडवलं. चर्रर्र! जळलं थोडं, पण सुखाने जळलं.

मित्रांनो, आम्हा जुन्या भांड्यांना माळ्यावर टाकू नका, आणि नुसतं मिरवायलाही मांडू नका. वापरा. आतून तारेच्या घासणीने खरवडू नका, मऊ हाताने धुवा. आणि वापरण्याआधी आत डोकवा.

काल रविवार होता. मृणालने सुकट भाजून ठेवली, कैरी चिरली. शालन दाराशी टोपली घेऊन लसूण सोलत होती. मृणालने मला उचललं, खिडकीशी नेलं, उजेडाकडे तिरकं केलं. तळ, कड, पुन्हा तळ. मग मला गॅसवर ठेवलं आणि पळीने काठावर एक टोला दिला, "ठण्ण!"

तो माझा आवाज होता. मी बोलले ते असं:

"मृणाल, हात चांगला होताच गं तुझा. नजर आली. घाल कैऱ्या."