आडनावाचा रकाना

जिल्ह्यातल्या पाच ग्रंथालयांची यादी एकाच संगणकावर आणायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांना चालतील असे नियम लिहायचं काम बालाघाटच्या ग्रंथपाल रीनाकडे आलं. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी होती. कोणी नाव आधी लिही, कोणी आडनाव. बैहरवाले तर नुसतं ‘गुरुजी’ लिहून मोकळे होत. चार महिने डोकेफोड करून तिने एकवीस नियम बसवले. सातवा असा: आडनाव आधी, पुस्तकावर नसेल तर सरकारी कागदावरून घ्यावं, रकाना रिकामा सोडू नये. बैठकीत टाळ्या पडल्या.

तिचे वडील डोमाजी तिरोडीच्या मँगनीज खाणीत तीस वर्षं राबले होते. त्या दिवसांवर त्यांनी साठ पानांचं पुस्तक छापून घेतलं. वर नाव फक्त ‘डोमाजी’. गावाने चिकटवलेलं जातीचं आडनाव त्यांनी धम्म घेतल्यावर टाकलं होतं, लेकरांनाही लावलं नव्हतं.

पुस्तकाची नोंद बैहरच्या ग्रंथालयातल्या घनश्यामने केली. सरकारी खाणीच्या जुन्या कामगार यादीतून त्याने ते आडनाव हुडकून काढलं आणि रकाना भरला. रीनाने फोन केला तर तो सरळपणे म्हणाला, “मैडम, नियम तो आपका ही है।” नियम बदलायला पाचही ग्रंथालयांची संमती लागत होती. एका नावासाठी बैठक बोलावणार नाही, असं समितीने कळवलं.

आणि डोमाजी धुतलेला सदरा घालून नाव पाहायला आले. पडद्यावरची ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली.

“हे काहून लावलं?”

“रकाना रिकामा ठेवता येत नाही, बाबा.”

“कोणाचा नियम हाय?”

“माहाच.”

त्यांनी पडद्यावरचं बोट उचललं. मग म्हणाले, “मंग माहं पुस्तक काढून टाक.”

पुस्तक हरवलं, असं लिहिल्याशिवाय प्रत निघत नव्हती. रीनाने ‘गहाळ’ लिहिलं आणि प्रत त्यांच्या हातात दिली. दुसरी बैहरला आहे म्हटल्यावर ते तसेच बसस्टँडवर गेले. तिने अडवलं नाही.

संध्याकाळी ते रिकाम्या हाताने परतले. घनश्यामने चहा पाजला, मानाने खुर्ची दिली, पण पुस्तक दिलं नाही. नोंद झालेली प्रत देता येत नाही म्हणाला. एवढं सांगून ते जेवायला बसले. त्यानंतर ग्रंथालयाचं नाव त्यांनी घरात काढलं नाही. पुढच्या महिन्यात शेजारच्या जिल्ह्याने तेच एकवीस नियम जसेच्या तसे मागवले, आणि रीनाने ते पाठवले.