एकोणसाठ रेघा

रेघ चार मिलिमीटर लांबीची होती, डावीकडून उजवीकडे जराशी वर चढलेली. शिसपेन्सिल सुरुवातीला जोरात टेकली होती आणि शेवटी हलकी झाली होती. दिवसभरात किती मासे गेले ते लिहायच्या रकान्यात आकड्याऐवजी ही रेघ होती. तिच्या खालच्या रकान्यात तशीच दुसरी, त्याखाली तिसरी. तिने भिंग बाजूला ठेवलं. भिंगाची तशी गरज नव्हतीच. हात ओळखीचा होता. ती शाळेत असताना याच हाताने दरवर्षी तिच्या वह्यांना कव्हरं घालून दिली होती.

हात दादाचा होता. तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा हा भाऊ मत्स्य आणि वन्यजीव खात्यात मोजणीदार होता. वरच्या बंधाऱ्याला लागून माशांची शिडी होती. मासे बंधारा ओलांडून वर जाऊ शकावेत म्हणून बांधलेल्या, वाहत्या पाण्याच्या पायऱ्या. शिडीच्या पोटात एक खोली, खोलीला काचेची खिडकी, आणि खिडकीशी दादा. काचेपुढून तांबपंखी मासा गेला की हातातल्या यंत्राची कळ दाबायची, आणि संध्याकाळी आकडा तक्त्यात भरायचा.

दादाचा एक नियम होता आणि तो त्याने कुणाच्या सांगण्यावरून केलेला नव्हता. दिवसभर पाहिलं आणि मासा दिसला नाही, तर शून्य. पाणी इतकं गढूळ की पाहताच आलं नाही, तर रेघ. "शून्य म्हणजे मी साक्षीला उभा राहीन," तो म्हणायचा. "रेघ म्हणजे मला विचारू नका."

जुन्या कारकुनांना हे ठाऊक होतं. ते रेघांचे दिवस वगळून सरासरी काढत. मग ते निवृत्त झाले, खात्यात संगणक आला आणि संगणकापुढे ती आली, नुकतीच पदवी घेतलेली, बावीस वर्षांची. रकाना आकड्याचा होता. रेघ टाकली की यंत्र ट्यांव करून अडायचं. तिने वरिष्ठांना विचारलं. ते जेवायला निघाले होते. "काहीतरी भर आणि पुढे चल," ते म्हणाले. तिने शून्य भरलं. त्या तीन वर्षांत वरच्या अंगाला रस्त्यासाठी डोंगर कापत होते आणि ऐन माशांच्या हंगामात नदी आठवडे आठवडे मातकट वाहायची. तीन हंगामांत मिळून एकोणसाठ रेघा आल्या. तिने एकोणसाठ शून्यं भरली.

अहवालात आलेख सरळ खाली आला. तांबपंखी या शिडीने जात नाही, असं ठरलं. मोजणीची खोली बंद झाली. दादा ओरडून सांगत राहिला, "मासा आहे, पाण्यात पाठी-पंख दिसतात, फक्त मोजता येत नाहीत." तेव्हाच्या साहेबांनी विचारलं, "मग आकडा कुठाय?" आकडा नव्हता. न मोजलेला आकडा लिहिणाऱ्यांतला तो नव्हता. त्याची बदली कोठारात झाली, जाळी आणि गमबूट मोजायला. खात्यात एक म्हणही पडली. एखाद्याने पुरावा नसलेली गोष्ट सांगितली की लोक म्हणत, "हा दादाचा मासा." नवीन लागलेल्यांना हा दादा कोण हेही माहीत नसे.

ती या म्हणीला कित्येकदा हसली होती. जुने कागद स्कॅन करायला घेतले तेव्हा, म्हणजे चार वर्षांपूर्वी, तिने पहिल्यांदा मूळ तक्ते आणि संगणकातले आकडे शेजारी ठेवून पाहिले, आणि आपल्या शून्यांनी काय केलं ते तिला कळलं. त्यानंतर ती हसली नाही. पण बोललीही नाही. तपासणी होऊ दे, मग सांगू. दादा निवृत्त होऊ दे, मग सांगू. दादा निवृत्त झाला, त्यालाही दीड वर्ष झालं. तिने तोंडात मिठाची गुळणी धरली होती ती धरलीच.

आणि आता हा पुरस्कार आला होता. मत्स्य आणि वन्यजीव माहितीच्या व्यवस्थापनासाठी त्या क्षेत्रातल्या व्यावसायिकांची संस्था दरवर्षी एक पुरस्कार देते. यंदा तिचं नाव शेवटच्या दोघांत होतं. अठ्ठावीस वर्षांचं काम, चाळीस ठिकाणच्या नोंदी, आकड्यांचं एक कोठार. सोमवारी परीक्षक येणार होत्या.

"मॅडम, पेढे कधी?" शेजारच्या टेबलावरून नकाशेवाल्याने विचारलं. खात्याचे सगळे नकाशे तो करायचा, म्हणून नकाशेवाला.

"बाजारात तुरी," ती म्हणाली.

"अहो, तुमचे आकडे म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दुसरं कोण घेतंय?" आणि मग त्याने एक नकाशा तिच्यापुढे सरकवला. "यावर फक्त तुमची सही राहिलीय. बंधाऱ्याची दुरुस्ती निघालीय पुढच्या महिन्यात. शिडी काँक्रीटने भरून टाकतायत. मासा जात नाही, तर कशाला ठेवायची, म्हणतात."

संदर्भ म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात तिच्याच आलेखाचा क्रमांक होता. "ठेव," ती म्हणाली. "बघते."

"त्यात काय बघायचंय?"

"ठेव म्हटलं ना."

रविवारी ती दादाकडे गेली. सांगायचं ठरवूनच गेली होती. वहिनीने दार उघडलं. "या, पुरस्कारवाल्या बाई! चपला काढायच्या का आपल्याकडे, की गालिचा अंथरू?"

"वहिनी, अजून मिळालेला नाही."

"यांना सांगा ते. गावभर सांगून आलेत. न्हाव्याला सांगितलं, दातांच्या डॉक्टरला सांगितलं. तोंड उघडं असताना कसं सांगितलं देव जाणे."

दादा आतून आला. अंगात नवा सदरा होता, घडीच्या खुणा अजून तशाच. "कसा दिसतो? उद्याला आहे. तुझ्या साहेबांचा फोन आला होता. म्हणाले, जुना मोजणीदार म्हणून फोटोला या."

"तुला बोलावलंय?" तिने विचारलं.

"का? शोभणार नाही मी?"

"तसं नाही रे."

"ठमे, तुझ्या त्या कोठारात माझेही आकडे आहेत, विसरू नकोस. सोळा वर्षांचे." तो खुर्चीत बसला. "शेवटची तीन वर्षं सोडून दे. संगणक आला आणि मासा गेला, असं मी म्हणायचो, आठवतं?"

"आठवतं."

"चेष्टेने म्हणायचो हं. तुला लागलं नव्हतं ना?"

वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "चेष्टेनं म्हणे. त्या वर्षी दोनदा डोळे तपासून आले होते हे. डॉक्टर म्हणाले, तुमची नजर घारीची आहे. तरी यांचं आपलं, पाणी गढूळ होतं की माझे डोळे?"

"अगं, इतकी शिकलेली माणसं सांगत होती मासा नाही म्हणून," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "मी काचेशी बसलेला माणूस. काहीतरी पालापाचोळा पाहिला असेन मी. लाल पानं वाहून येतात त्या दिवसांत. आता मलाही तसंच वाटतं."

तिने कप उचलला आणि तोंडाला न लावताच खाली ठेवला. सांगायचं वाक्य तिने बसमध्ये चारदा जुळवलं होतं. त्यात कर्ता, कर्म, क्रियापद सगळं होतं. ते आता जिभेवर येईना. दादाने आपल्या डोळ्यांवरचा विश्वास सोडला होता आणि ते इतकं जुनं झालं होतं की आता दुखतही नव्हतं.

"काय गं, गप्प का?" वहिनीने विचारलं. "चोराच्या मनात चांदणं असल्यासारखी बसलीयस."

"दगदग झालीय," ती म्हणाली, आणि अर्ध्या तासाने उठली.

सोमवारी परीक्षक बाई वेळेच्या दहा मिनिटं आधी आल्या. साठीच्या, बारीक अंगाच्या, केस आखूड कापलेले. त्यांनी चहा नको म्हटलं आणि थेट कागद मागितले. साहेब मोठ्या टेबलाच्या टोकाला बसले होते. बाहेर बाकावर दादा नव्या सदऱ्यात बसला होता आणि शिपायाला काहीतरी सांगून हसवत होता. दाराच्या काचेतून ती त्याला पाहू शकत होती.

"मी सगळं तपासत नाही," परीक्षक बाई म्हणाल्या. "शितावरून भाताची परीक्षा. तुम्ही अर्जात एक उदाहरण दिलंय, वरच्या बंधाऱ्याचं. तेच घेऊ."

"अगदी योग्य उदाहरण," साहेब पुढे सरसावले. "नोंदी नीट असल्या की निर्णय कसा झटपट होतो ते यात दिसतं. मासा नाही, मोजणी बंद. आता शिडीही जाईल."

ते उदाहरण साहेबांनी स्वतः घातलं होतं. तिने ते काढून टाका म्हणून सांगितलं नव्हतं, इतकंच.

परीक्षक बाईंनी आलेखावर बोट ठेवलं. "ही शून्यं सलग आहेत. सव्वीस दिवस. मग एके दिवशी सात, मग पुन्हा शून्यं. मासा असा वागतो का?"

"नदीचं काही सांगता येत नाही," साहेब म्हणाले.

"मी यांना विचारतेय."

तिच्यापुढे फाइल होती आणि फाइलमध्ये मूळ तक्त्यांच्या प्रती. सकाळी त्या आत ठेवताना, आपण त्या का ठेवतो आहोत हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं. ताकास तूर लागू न देणं सोपं होतं. मोजणीतला चढउतार, इतकं म्हटलं की भागलं असतं. परीक्षक बाईंनी मान डोलावली असती, नकाशावर सही झाली असती, पुढच्या महिन्यात शिडी भरली असती. आणि दादाने टाळ्या वाजवल्या असत्या, सगळ्यांत जोरात.

"मासा असा वागत नाही," ती म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे? तुम्हाला काय म्हणायचंय?"

"एक मिनिट, साहेब." ती उठली. खुर्ची मागे सरकताना फरशीवर कर्कश वाजली. तिने दार उघडलं. "दादा, आत ये."

"फोटो आत्ताच?" दादाने केसांवरून हात फिरवला.

"फोटो नाही. तुझ्यासमोर सांगायचंय."

तो आत आला आणि साहेबांना नमस्कार करून भिंतीशी उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही. तिने फाइलमधल्या प्रती काढल्या आणि परीक्षक बाईंपुढे ठेवल्या. दादाने लांबूनच आपलं अक्षर ओळखलं आणि एक पाऊल पुढे आला.

"अहो, आधी माझ्याशी बोलायला हवं होतं तुम्ही," साहेब हळू आवाजात म्हणाले.

"हो. चार वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं." ती साहेबांशी बोलत होती, पण पाहत दादाकडे होती. "यांतलं एकही शून्य मोजणीदाराने लिहिलेलं नाही. पाहता आलं नाही, असं त्याने लिहिलं होतं. मी त्याचं 'मासा नाही' केलं. एकोणसाठ वेळा. दादा, तुझे डोळे नीट होते. मी आज ही दुरुस्ती माझ्या नावाने नोंदवतेय, शिडी भरायच्या कागदावर मी सही करणार नाही, आणि माझा अर्ज मी मागे घेतेय."