बाजार मोडायची वाट

जोतिराम म्हातारा थांबण्यात लई हुशार. एकदा सांगोल्याच्या बाजारात गाभण शेळीचा भाव उतरायची वाट बघत असा बसला, असा बसला, की सकाळी तिच्या पोटात असलेलं करडू सांजच्याला शिंगं उगारून त्याच्याच अंगावर आलं. खोटं वाटत असंल तर वाटू दे. पण त्याची सून फुलाबाई त्या थांबण्यापायी पार वैतागून गेली होती, ते मातर खरं.

फुलाच्या लेकीला, दिपालीला, लॅपटॉप घ्यायचा होता. पोरगी रोज एसटीनं सोलापूरला कॉलेजात जायची, कॉम्प्युटर शिकायची, आन घरी अभ्यास मोबाईलवर. त्याचीबी काच तडकलेली. अंगठ्यानं एकेक अक्षर टाकत बसायची. म्हातारा जूनमधी म्हणला, "आत्ता कॉलेजं उघडल्यात, व्यापारी चढवून सांगणार. थांब." गणपतीत म्हणला, "सणाचं कोण घेतंय? दसऱ्याला उतरतंय बघ." फुलाचा नवरा मेंढरं घेऊन भीमेकाठी गेलेला. त्याला फोन लावावा तर तिकडनं एकच, "आबा म्हणत्याल तसं."

शेवटी शुक्रवारी दिपालीच म्हणली, "आई, राहू दे आता. सोमवारी मॅडमना सांगून नाव काढून घेती. बीएला बसती. तितं वही-पेन चालतंय."

रडली न्हाय, भांडली न्हाय. ताट उचलून मोरीत ठेवलं आन आत गेली. फुलाला रातभर तेच टोचत राहिलं.

शनिवारी फुलानं कारखान्यात खाडा केला. शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात ती कॉलरी बसवायची. इतक्या बसवल्या की रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसाची कॉलर वाकडी दिसली तरी हिचा हात आपोआप वर जायचा. साठवलेलं पैसं पदराआड खोचून ती सासऱ्यासंगं सोलापुरात नव्या पेठेतल्या दुकानात आली.

दुकानातला सोमशेखर गोड बोलणारा. त्यानं एक लॅपटॉप उघडून पुढं ठेवला. म्हाताऱ्यानं बटणांवरनं असा अंगठा फिरवला, जणू बोकडाचे दात बघतोय.

"ह्या किमतीत हा शेवटचाच पीस हाय काका. ऑफर आज रात्रीपर्यंतच. दिवाळीत आणखी वाढणार."

"व्हय रं? आजवर एक तरी व्यापारी 'उद्या उतरणार हाय' म्हणलाय का?"

सोमशेखर हसला. म्हाताऱ्यानं फुलाला डोळ्यानं खुणावलं आन दंडाला धरून बाहेर आणलं.

"मामा, काय झालं? चांगला हाय की."

"चांगला हाय म्हणूनच. फुला, बाजार मोडताना जनावर परत घरी न्यायचं व्यापाऱ्याच्या जिवावर येतंय. तवा आपून जायाचं. निम्म्यात देतंय बघ."

"त्याला कुटं घरी न्यायचंय? शटर ओढलं की झालं."

"तुला त्यातलं कळत न्हाय. बस हितं."

बसली. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर दोघं बसली. दसऱ्यातलं सोलापूरचं ऊन ते. बाटलीतल्या पाण्यात नुसती साखर-पत्ती टाकली असती तर चहा झाला असता. सावली सरकली की म्हातारा सरकायचा, त्याच्या मागनं फुला. दुकानातनं कुणी खोकं घेऊन बाहेर पडलं की तिच्या काळजात चर्र व्हायचं.

"मामा, आपलाच गेला वाटतं."

"जाऊ दे की! चढ्या भावाची गिऱ्हाइकं ती. ती सरल्याबिगर भाव उतरतोय व्हय?"

फुलाची पाठ भरून आली. कारखान्यात निदान मशिनीवर वाकून बसायचं असतंय, हितं नुसतंच बसायचं. बसूनबी माणूस एवढं दमतंय हे तिला ठावं नव्हतं. डोळा लागला तर सपनातबी ती पायरीवरच बसलेली.

फोन वाजला. दिपाली.

"आई, जेवलीस का?"

"व्हय." जेवली कुटं होती? "तू काय करतीस?"

"काय न्हाय. लायब्ररीची पुस्तकं बांधून ठेवली. सोमवारी परत द्यायचीत. आबांना उन्हात फिरवू नको."

आन ठेवला. घेतला का, मिळतोय का, एका शब्दानं इचारलं न्हाय पोरीनं. फुला फोनाकडं बघत राहिली. तो दमलेला आवाज तिच्या चांगल्या ओळखीचा होता. तिचा सोताचाच आवाज तो. पोरीच्या तोंडात इतक्या लवकर कसा आला?

ती उठली. गुडघे कडाडले.

"कुटं?" म्हातारा म्हणला.

"आत."

"अगं अजून ऊन हाय! बाजार मोडला न्हाय अजून!"

"बाजार नसंल मोडला मामा. मी मोडली हितं बसून."

लगीन होऊन आल्यापासनं फुला सासऱ्याला असं कधी बोलली नव्हती.

आत बार्शीकडचा एक गृहस्थ त्याच लॅपटॉपचं झाकण वर-खाली करत होता. "बघतो, घरी इचारून येतो," असं चाललेलं. फुलानं पदराआडची पुरचुंडी काढून सरळ गल्ल्यापुढं ठेवली.

"दादा, ह्याचं बिल करा. आमचं हाय ते."

"अहो बाई, आधी मी हात लावलाय," गृहस्थ म्हणला.

"तुमी हात लावलाय. मी सकाळधरनं जीव लावलाय."

सोमशेखर म्हणला, "अक्का, समोर बसलेली तुम्हीच ना? मला वाटलं कुणाची वाट बघताय! आत तरी बसायचं, पंखा होता की." आन बिल करायला लागला. सकाळी सांगितलेलीच किंमत, एक रुपाया कमी न्हाय.

तेवढ्यात म्हातारा आत शिरला. गल्ल्यावर हात ठेवला, हातावर उपरणं टाकलं आन सोमशेखरला डोळ्यानं खुणावलं. जनावरांच्या बाजारात भाव असाच ठरतोय. फडक्याखाली बोटं दाबायची, तोंडानं बोलायचं न्हाय. सोमशेखर घाबरला.

"काका, हाताला काय लागलंय का? पट्टी आणू?"

"हात घाल रं मुकाट."

पोरानं भीत भीत उपरण्याखाली हात घातला. म्हाताऱ्यानं बोटं दाबली. पुन्हा दाबली. पोरगा कळवळला, "देतो, काका, देतो! बॅग देतो, माऊस देतो, हात सोडा!"

बॅग आन माऊस त्या खोक्यासंगं मिळायचंच होतं, समोर पाटीवरच लिहिलेलं. फुलानं ते वाचलं होतं. ती गप राहिली. म्हाताऱ्यानं उपरणं झटकून खांद्यावर टाकलं, तवा त्याची मान अशी ताठ झाली, जणू आत्ताच कुस्ती मारून आला.

मोहोळच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. फुलानं खोकं मांडीवर घेतलं आन डोळं मिटलं. म्हाताऱ्यानं शेजारच्याला सांगायला सुरुवात केली. गाडी सुटली तवा त्यानं दुकानदाराला थोडासा खाली आणला होता. पुढच्या थांब्याला निम्म्यावर आणला. त्याच्या पुढच्या थांब्याला दुकानाचा मालक माडीवरनं धावत आला, हात जोडाय लागला. दर थांब्याला लॅपटॉप सोस्त होत गेला. गाव जवळ आलं तवा मालकानंच वर प्रवासभाडं दिलं होतं.

कंडक्टर हसून म्हणला, "खरं का हो मावशी?"

फुलानं डोळं न उघडताच सांगितलं, "व्हय तर. मामा होते म्हणून."

फाट्यावर दिपाली उभी. म्हाताऱ्यानं उतरता उतरताच मुळापासनं सांगायला घेतलं. पोरीचं तिकडं ध्यान नव्हतं. ती खोक्याकडं बघत होती, हात लावू का नको अशी. मग आईच्या हातातनं अलगद घेतलं आन छातीशी धरलं.

घराच्या दाराशी आल्यावर म्हणली, "आई, सोमवारी डबा जरा लवकर करशील? पहिल्याच तासाला प्रॅक्टिकल हाय."

"करती," फुला म्हणली, आन चपला न काढताच उंबऱ्यावर बसली.