धवलेरीचा पाय

"कळला," लाडकी म्हणाली. डोळे घट्ट मिटलेले.

"आणि इथं?"

"हां, कळला."

शेजारी बसलेली तिची सून ममता फिस्सकन हसली. "आये, सिस्टरनी अजून हात पण नाय लावला!"

लाडकीने एक डोळा उघडला. पायाची संवेदना तपासायचा नायलॉनचा तंतू प्रतिभा सिस्टरने वीतभर लांबच धरला होता.

जव्हारच्या या रुग्णालयात मधुमेहाचे रुग्ण प्रतिभाच्या ताब्यात असत. इन्सुलिन, जेवण, पाय, सगळं तीच बघे. साखरशेतची लाडकी तळव्यात खिळा घेऊन दोन दिवस हिंडली होती. चपलेत रक्त दिसलं ते सुनेला.

"खोटं कशाला बोलतेस, आजी?"

"मंग काय करू? उद्या लगीन हाय. मी नाय गेली तं लावील कोण? तू गाशील?"

लाडकी धवलेरी होती. वारल्यांचं लग्न ती गाते तेव्हाच लागतं.

"जखम ओली आहे. जमिनीला लागली तर पाय जाईल. बूट घालून जा."

"देवाच्या चौकापुढं बूट? त्यापरीस पाय कापून ठेव इथंच."

प्रतिभाने बुटाचा आग्रह सोडला. तिच्या पोशेरा गावातही लग्नघरच्या भिंतीवर रंगवलेल्या देवाच्या चौकाजवळ कोणी पायताण नेत नसे.

ममताच म्हणाली, "गाडीतून उतरली का पोरं खुर्चीवर उचलतील. पाय खाली टेकणारच नाय."

"नवरी चालत, अन् म्हातारी खुर्चीवर! लोकं हसतील."

"हसू दे. लग्नात हसायचंच असतं," प्रतिभा म्हणाली. "पण सुई घेतली की लगेच भाकर खायची. गाणं त्यानंतर."

"पोट भरल्यावर माझा गळा नाय चालत."

"उपाशी राहिलीस तर साखर उतरेल आणि चौकापुढंच चक्कर येऊन पडशील."

लाडकीने नाक मुरडलं, पण मान हलवली. प्रतिभाने सरावासाठी ममताकडून दोनदा इंजेक्शन भरून घेतलं. डॉक्टरांनी एका दिवसाची सुट्टी दिली, तीही प्रतिभाच्या शब्दावर. जीप निघाल्यावर तिला वाटलं, आपण भलताच शब्द दिला.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी लाडकी परतली. गळा पार बसलेला, चेहरा खुललेला.

"भाकर खाल्ली?"

"दोन," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तरी गळा चालला. नवऱ्याचा बाप बोलं, आता मना पण खुर्ची पायजे."

प्रतिभाने पट्टी सोडली. तळवा कोरडा होता, मातीचा कण नव्हता. मग घोट्याजवळ तिचं लक्ष गेलं. पट्टीच्या वर हळदीची पाच बोटं उमटली होती.

"हे कोणाचं?"

लाडकी वाकून पाहत राहिली. "नवरीनी पाय धरला असल," ती हसत म्हणाली. "कवा धरला काय ठाव."

प्रतिभाने जखम धुतली, औषध लावलं आणि नवी पट्टी गुंडाळली. हळदीपाशी आली तेव्हा तिने कापूस बाजूला ठेवला.