पहिला नंबर

सुनीतीने दहाव्या चिठ्ठीवरही ‘डोरीन’ असंच लिहिलं, तिची चौघडी केली आणि स्टीलच्या वाडग्यात टाकली. दहा चिठ्ठ्या, आणि दहाही एकाच नावाच्या. आधी नेरुळला आणि मग इथे ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीत मिळून ती सात वर्षं भिशी चालवत होती, पण असली लबाडी तिने कधी केली नव्हती. हात मात्र सराईतासारखा चालला होता, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

“सरळ विचार की तिला,” चंद्रहास म्हणाला. खाणीवरची पहाटेची शिफ्ट संपवून तिचा नवरा नुकताच आला होता आणि दारात उभा राहून मोज्यांतली लाल माती झटकत होता. “पहिला नंबर हवाय का म्हणून. हो-नाही सांगेल ती.”

“विचारलं की उपकार होतो. चिठ्ठी निघाली की नशीब.”

“आणि नंतरचे हप्ते नाही दिले तर?”

“मी भरेन. कुणाला कळणारही नाही.”

“मग ही भिशी कसली, दानच झालं. नुसती पावती फाडायची बाकी.”

सुनीतीने वाडगा हलवून चिठ्ठ्या सारख्या केल्या. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं, असं तिच्या मनात आलं. त्याला डोरीन माहीत नव्हती. खरं तर तिलाही फारशी कुठे माहीत होती?

डोरीन हॉस्पिटलात साफसफाईचं काम करायची. सुनीती तिथेच फिजिओथेरपिस्ट होती. चार वर्षं दोघी कॉरिडॉरमध्ये एकमेकींना ‘मॉर्निंग’ म्हणत होत्या आणि त्यापुढे गाडी सरकली नव्हती. ती सरकली एप्रिलमध्ये. कोविडने सगळं बंद पाडलं तेव्हा गावातल्या मराठी मंडळींनी वर्गणी काढली आणि इथल्या मूळच्या, ॲबोरिजिनल कुटुंबांना सामानाच्या पिशव्या वाटल्या. तांदूळ, तूरडाळ, हळद आणि दोन किलो पोहे. मागे मंडळाचा फलक धरून फोटोही निघाले. पोहे द्यायची सूचना सुनीतीचीच.

“ते चपटे तांदूळ,” पुढच्या आठवड्यात डोरीनने तिला चहाच्या खोलीत गाठून विचारलं, “किती वेळ शिजवायचे? मी वीस मिनिटं उकळले. खळ झाली त्याची.”

सुनीतीला हसू आवरेना. डोरीनही हसली. मग मॉपच्या दांड्यावर हनुवटी टेकून म्हणाली, “माझी आई मेंढ्यांच्या फार्मवर वीस वर्षं राबली. पगार म्हणजे पीठ, साखर आणि चहा. आठवड्याला एक पिशवी. तुमची पिशवी पाहिली आणि तीच आठवली. वाईट वाटून घेऊ नको हं, सुनी.”

सुनीतीला वाईट वाटलंच. रात्री तिने तो फलकाचा फोटो ग्रुपवरून काढून टाकला.

भिशीचा विषय निघाला तो पुढे महिन्याभराने. त्या दिवशी चहाच्या खोलीत इव्हा सुनीतीला पाकीट देत होती. इव्हा वसईची, वॉर्डातली नर्स. मधे दोन खुर्च्यांचं अंतर ठेवून, हात लांबवून पाकीट देण्याचा तो सोहळा डोरीन बघत उभी राहिली. हे काय चाललंय, म्हणाली. सुनीतीने समजावलं: दहा जणी, महिन्याला प्रत्येकीचे पाचशे डॉलर, दर महिन्याला एक चिठ्ठी, जिचं नाव निघेल तिला सगळे पाच हजार. नंबर लागला तरी शेवटपर्यंत हप्ते भरायचे. हा फेरा या महिन्यात संपत होता आणि नवा जूनमध्ये सुरू होणार होता.

“म्हणजे कुणी कुणाला काही देत नाही,” डोरीन म्हणाली. “आपलेच पैसे. फक्त एकदम मिळतात.”

“हो.”

“आणि बँक काय काय विचारते?”

“बँक नसतेच मध्ये.”

डोरीनने मॉप भिंतीला टेकवला आणि ती बसली. चार वर्षांत सुनीतीने तिला पहिल्यांदाच बसलेली पाहिली. “मला घ्याल?”

एका कंत्राटदाराला त्याच्या ऑफिसच्या पत्र्याच्या खोल्या कोविडमुळे दिवसातून तीनदा पुसून हव्या होत्या. वर्षाचं काम होतं, आणि तो डोरीनला ओळखत होता. अट एकच, जूनअखेर तिची स्वतःची व्हॅन हवी. बँकेने विचारलं होतं, घर आहे का? नाही. गाडी? नाही. जामीन राहील असं कुणी? डोरीनच्या अख्ख्या गोतावळ्यात एकाच्याही नावावर घर नव्हतं.

“या वर्षी नाही जमलं तर पुढच्या वर्षी बघ ना,” इव्हा म्हणाली.

“थांबायलाही पैसे लागतात,” डोरीन म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, हवामान सांगावं तसं.

सुनीतीला ते वाक्य घरी येईपर्यंत पुरलं. कालगुर्लीत आल्यावर तिने पहिली गाडी घेतली तेव्हा बाबांनी नेरुळहून पैसे पाठवले होते. आजवर ती त्याला स्वतःच्या पायावर उभं राहणं म्हणत आली होती.

एक जण पर्थला बदलून गेली होती, त्यामुळे जागा होती. बाकीच्यांना विचारलं तेव्हा फक्त विनीताने फोन केला. “अगं, भिशी ओळखीत करतात. पैसे घेऊन गेली तर कुठे शोधायची? मी रेसिस्ट नाहीये हं.” हे शेवटचं वाक्य ती तीनदा म्हणाली.

सुनीतीने तिला गप्प केलं खरं. पण फोन ठेवल्यावर तीच पाचशे डॉलरचं एक पाकीट भरून तांदळाच्या डब्यामागे ठेवून आली. डोरीनचा हप्ता चुकला तर असावं म्हणून. पाकिटावर पेन्सिलीने ‘डी’ लिहिलं.

रविवारी दुपारी सगळ्या जमल्या. डोरीन इस्त्रीचा निळा शर्ट घालून आली होती. तिने आपलं पाकीट टेबलावर ठेवलं आणि सुनीतीने मोजेपर्यंत हात तिथेच राहू दिला. चिठ्ठी काढायचा मान लहान मुलाचा, म्हणून इव्हाच्या एमाला पुढे केलं. सहा वर्षांची एमा नुकतीच वाचायला शिकली होती आणि दिसेल ते मोठ्याने वाचायची.

“डोरीन!”

टाळ्या झाल्या. डोरीनने दोन्ही हात तोंडावर धरले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाहून सुनीतीच्या मनात आपण केलं ते बरंच केलं, असं पक्कं झालं. तेवढ्यात स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा वास आला आणि ती धावली.

चहा गाळून ती परतली तेव्हा टेबल स्वच्छ होतं. वाटाण्याची सालं, चिवड्याचा चुरा, काही नाही. वाडगाही विसळून पालथा घातलेला. चार माणसं बसलीत आणि पसारा तसाच आहे, हे डोरीनला बघवत नसे. तिचा हातच तसा होता.

“चिठ्ठ्या?” सुनीतीने जपून विचारलं.

“आवरल्या,” डोरीन म्हणाली. मग जरा थांबून, “किती होती गं नावं?”

“दहा.”

“दहा,” डोरीन म्हणाली. टेबलावर पाच हजारांचं पाकीट होतं. तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. बाकीच्या कौतुकाने थांबल्या होत्या. एवढे पैसे एकदम मिळाल्यावर माणूस गोंधळणारच. मग तिने पाकीट उचललं, शर्टाच्या खिशात घातलं आणि बटण लावलं. जाताना ती सुनीतीला मिठी मारेल असं वाटलं होतं, पण ते दिवस मिठ्यांचे नव्हतेच.

टाकल्या असतील कचऱ्यात, न वाचताच, अशी सुनीतीने स्वतःची समजूत घातली. कचऱ्याच्या डब्यात मात्र तिने डोकावून पाहिलं नाही.

डोरीनने बुधवारी व्हॅन घेतली. पांढरी, एका बाजूने चेपलेली. कंत्राट मिळालं. पुढे दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी सातच्या आत, सुनीतीच्या दारात पाकीट हजर असे. डोरीन ते पत्रपेटीत टाकत नसे. हातात द्यायची, आणि मोजून होईपर्यंत उभी राहायची. “मोज, सुनी,” म्हणायची. सुनीतीला ते अवघड जायचं. इतर आठ जणींना ती तारीख उलटल्यावर दोन-दोन मेसेज करत असे.

नोव्हेंबरमध्ये विनीताचा हप्ता आला नाही. तिच्या नवऱ्याचं सर्व्हेचं कंत्राट संपलं होतं आणि नवं काही हाती नव्हतं. फोनवर ती रडली. कुणाला सांगू नकोस, म्हणाली. सुनीतीने तांदळाच्या डब्यामागचं पाकीट काढलं, पेन्सिलीचा ‘डी’ खोडरबराने नीट पुसला आणि भिशी पूर्ण केली. ज्याचं त्याचं नशीब, असं तिला त्या वेळी म्हणवेना.

शेवटचा नंबर मार्चमध्ये सुनीतीने घेतला आणि एप्रिलात दुसरा फेरा सुरू झाला. भारतातून रोज वाईट बातम्या येत होत्या. इव्हाचा अर्धा जीव वसईत होता, विमानं बंद. अशात भिशी कसली करायची, असं एकदा निघालं. मग उलट अशातच करायची, असं ठरलं. त्याच दहा जणी, तोच रविवार, तीच दुपार.

व्हॅन फाटकाशी थांबली. बाजूचा पोचा आता ठोकून सरळ केला होता आणि त्यावर ‘डोरीन आणि भाच्या’ अशी निळी अक्षरं होती. दोन भाच्या तिच्याबरोबर कामाला होत्या.

सुनीती चिठ्ठ्यांसाठी वही घेऊन बसली तेव्हा डोरीन म्हणाली, “कागद कशाला फाडतेस? मी लिहून आणल्यात.” तिने शर्टाच्या खिशाचं बटण काढलं आणि घड्या घातलेल्या चिठ्ठ्या वाडग्यात सोडल्या.

विनीताने सवयीने मोजल्या. “नऊच आहेत.”

“माझी नाही टाकली. शेवटचा नंबर माझा.”

“अगं पण शेवटचा कशाला? वर्ष जाईल.”

“जाऊ दे,” डोरीन म्हणाली. “मला आता थांबता येतं.”

हे ती विनीताला म्हणाली, पण बघत होती सुनीतीकडे. सुनीतीला बरं वाटलं. आपण काहीतरी चांगलं केलं याचा हा पुरावाच, असं वाटून ती हसलीसुद्धा. एमा आता सात वर्षांची झाली होती. तिने वाडग्यात हात घातला, चिठ्ठी उलगडली आणि मोठ्याने वाचली.

“डोरीन!”

कुणाला काही कळेना. सुनीतीला कळलं. एमाच्या बोटांत चुरगळलेल्या त्या कागदावर तिचं स्वतःचं अक्षर होतं, दहा महिन्यांपूर्वीचं. तिचे कान तापले. टेबलाखाली कुठे जाता आलं असतं तर ती गेली असती.

“तुझं नाव नाही ना टाकलंस?” विनीता पुढे वाकली. “आणि हे अक्षर कुणाचं?”

आता डोरीनने सांगावं, आणि सांगितलं तर ते रास्तच होईल, असं सुनीतीला वाटलं. व्हॅन पाहिजे होती म्हणून त्या दिवशी तिने पैसे घेतले होते. उरलेल्या नऊ चिठ्ठ्या तेव्हापासून तिच्या खिशात होत्या आणि हप्ता देताना दर महिन्याला ती ‘मोज’ म्हणत होती. सुनीती ते नुसतं मोजत आली होती.

डोरीनने टेबलावरचे चिवड्याचे दोन-चार कण बोटाने गोळा केले.

“माझ्याकडचा जुना कागद आहे, मेट. पाठकोरा होता, म्हटलं वाया कशाला घालवायचा.” आणि एमाला म्हणाली, “मागची बाजू वाच, बेबी.”

सुनीतीला थँक यू म्हणता येईना. उपकार घ्यायची तिला सवयच नव्हती. तिने टेबलाच्या कडेवरून हात पुढे सरकवला, डोरीनच्या हाताजवळ, आणि तिथेच राहू दिला.

एमाने चिठ्ठी उलटी केली.