दहापैकी आठ

केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर हरीश सामंतांनी लाल रंगाची, दोनच सीटची स्पोर्ट्‌स कार घेतली, तेव्हा गुरुग्रामच्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना वाटलं, मुलाची असेल. मुलगा पुष्कर बेंगळुरूहून फोनवर म्हणाला, "बाबा, यार, या वयात?" हरीशरावांनी उत्तर देण्याची तसदी घेतली नाही. जन्मभर पांढऱ्या सरकारी गाडीत मागच्या सीटवर फायली चाळत बसलेल्या माणसाला एकदा पुढे बसून स्वतः गाडी पळवावीशी वाटली, तर त्यात परवानगी कुणाची घ्यायची?

गाडी दिसायला देखणी आणि स्वभावाने पक्की नाटकी. झकास धावता धावता मध्येच समोर पिवळा दिवा लागायचा, इंजिनाचा दम जायचा आणि बाईसाहेब हायवेवर बैलगाडीच्या चालीने चालू लागायच्या. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचे. वर्कशॉपमध्ये नेली की दिवा गायब. वॉरंटी होती, त्यामुळे खर्च कंपनीचा. पण दर वेळी एखादा सेन्सर बदलून गाडी घरी यायची आणि आठवडा उलटत नाही तोच पुन्हा तेच रडगाणं.

दुखत होतं ते वेगळंच. वर्कशॉपमधला एक सल्लागार म्हणाला, "सर, चलाने का भी तरीका होता है." दुसऱ्याने प्रेमाने विचारलं, "अंकल, घर में और कोई चलाने वाला नहीं है?" पुष्करने फोनवर आडून आडून चौकशी केली, की दिवा नक्की लागतो ना. बायको, शालिनीताई, शेजारी बसल्या की गाडी कधीच बिघडायची नाही, त्यामुळे त्याही हल्ली नुसतंच "हं" म्हणायच्या. काल ज्याचं बोलणं टिपून घ्यायला चार माणसं धावायची, त्याला आज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा शपथेवर सांगावं लागत होतं. शेवटी शेवटी हरीशरावांना स्वतःचाच संशय येऊ लागला.

अशात एका खेपेला काउंटरवर चेतना भेटली. नवी लागलेली, अजून प्रोबेशनवर असलेली सल्लागार. आडनाव वाचून ती एकदम मराठीत बोलायला लागली. जन्म दिल्लीतलाच, शिक्षण पहाडगंजच्या मराठी शाळेत, आणि बोलणं अर्धं हिंदी.

"काका, तुम्ही सांगताय म्हणजे लागला असणार ना दिवा. चलो, मी येते सोबत."

इतकं साधं वाक्य, पण ते ऐकायला हरीशरावांनी किती हेलपाटे घातले होते. मॅनेजर विक्रांत मागून म्हणाला, "चेतना, टाइम वेस्ट मत करो." तिने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मग जेवणाच्या सुट्टीत ती त्यांच्या शेजारी बसून मानेसरच्या बाजूला चकरा मारू लागली. मांडीवर डबा, हातात मोबाइल. "काका, जरा पळवा ना," असंही वर म्हणायची. तीन-चार दुपारी गाडी शहाण्यासारखी वागली. हरीशरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चेतना मात्र म्हणाली, "उद्या बघू." आणि एके दिवशी भर हायवेवर दिवा लागला.

"आला, काका. बघा, आला," ती म्हणाली, जणू घरी पाहुणाच आला होता. गाडी रखडत होती, मागे हॉर्नचा गोंगाट चालला होता आणि हे दोघं आत बसून हसत होते.

तो व्हिडिओ घेऊन तिने कंपनीच्या इंजिनिअरांचा पिच्छा पुरवला. वॉरंटी संपायला थोडे दिवस उरले असताना त्यांनी इंजिनाच्या तारांचा अख्खा जुडगा बदलून दिला, आणि दिव्याने जे तोंड लपवलं ते कायमचंच.

चार दिवसांनी कंपनीचा फोन आला. सल्लागाराला एक ते दहामध्ये किती गुण द्याल? हरीशरावांनी प्रश्न गांभीर्याने घेतला. नोकरीत त्यांनी शेकडो लोकांचे गोपनीय अहवाल लिहिले होते. त्यांच्या लेखी दहा देवाला आणि नऊ कुणालाच नाहीत. आठ त्यांनी फार क्वचित दिले होते आणि ज्यांना दिले त्यांची नावं त्यांना अजून पाठ होती. "आठ," ते ठासून म्हणाले.

दुसऱ्याच आठवड्यात शालिनीताईंनी केलेले बेसनाचे लाडू घेऊन ते चेतनाचे आभार मानायला गेले. ती मान खाली घालून बसली होती. विक्रांत हसत पुढे आला. "सर, आपने तो हमारी लड़की को फेल कर दिया."

ही थट्टा असावी असं वाटून हरीशरावही हसले. मग विक्रांतने समजावून सांगितलं. नऊ-दहा म्हणजे पास, त्याखाली सगळे नापास. महिनाअखेरीला सरासरी बघून चेतनाला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं, आणि हरीशरावांच्या आठाने ती सरासरी रेषेखाली ओढली होती. दिलेले गुण बदलता येत नाहीत.

हरीशरावांच्या हातातला डबा जड झाला. "अगं, आधी सांगायचंस तरी," ते चेतनाला म्हणाले.

"बाकीचे सगळे दहा मागतात, काका. तुमच्याकडे मागायची लाज वाटली." तिने डोळे पुसले. "तुम्ही मनापासून दिले ना, बस."

ज्या एका माणसाने आपल्यावर विश्वास ठेवला, त्याच्याच पोटावर आपण पाय दिला, या विचाराने हरीशराव तिथेच खुर्चीत बसले. वर्षभर गाडी बिघडू नये म्हणून ते देवाला हात जोडत होते, आणि आता नेमकी तिला काही म्हणता काही होत नव्हतं. मग त्यांना आठवलं, वार्षिक सर्व्हिसिंग पुढच्या महिन्यात आहे. त्यांनी किल्ली काउंटरवर ठेवली.

"आजच करून टाक. काम नवं म्हणजे फोनही नवा येईल ना?"

फोन आला तेव्हा ते घरात चहा पीत होते. एक ते दहामध्ये किती? झालं होतं काय, तर ऑइल बदललं होतं आणि गाडी धुतली होती. जन्मभराची सवय आडवी आली. त्यांनी कप खाली ठेवला.

"दस."

"कोई ख़ास वजह, सर?"

"लिखिए. सब समझते थे कि गाड़ी ठीक है, मैं ही बिगड़ गया हूँ. इस लड़की ने मेरी बात मानी. मैं उसका बहुत आभारी हूँ."

समोर बसलेल्या शालिनीताईंनी पेपर बाजूला ठेवला. त्यांनी उठून हरीशरावांचा गार झालेला चहा पुन्हा गरम करून आणला.

महिनाअखेरीला चेतनाचा फोन आला. "काका, पर्मनंट झाले. विक्रांत सरांनी तुमचं बोलणं सगळ्यांसमोर वाचून दाखवलं."

"तुझं होतं ते तुला मिळालं. उपकार तुझे आहेत माझ्यावर."

"नाही काका," ती म्हणाली. "तिथे माझं पण कुणी ऐकत नव्हतं. नवी मुलगी, हिला गाडीतलं काय कळतं, असंच चालायचं. मी म्हटलं, पळवा, तर तुम्ही लगेच पळवली. तुम्ही पहिले."

हरीशरावांना हे कधी सुचलंच नव्हतं. पलीकडून चेतना सांगत होती, की आज आईने घरी जिलबी आणायला सांगितली आहे.