इथून तर सगळं चालू दिसतंय

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे असे म्हटले, तर मी जिच्या पोटात राहतो त्या काळ्या पेटीला राग येईल. खरा संगणक ती. तिला वजन आहे, पंखा आहे, तिच्यावर धूळ बसते. मी तिच्या आत चालणारा, नुसत्या आज्ञांनी बनलेला दुसरा संगणक. मला आभासी यंत्र म्हणतात. त्या 'आभासी' शब्दावर जाऊ नका. सदाशिव पेठेतल्या एका दुसऱ्या मजल्यावर मी गेली आठ वर्षे खरेखुरे काम करतो आहे, आणि मीच सांगतो म्हणून नव्हे, पण चांगले करतो आहे.

माझा जन्म एका रविवारी दुपारी झाला. पुष्कर नावाच्या इंजिनिअरने चहाचे दोन कप संपेपर्यंत मला उभे केले आणि माझ्या आत दोन कंटेनर ठेवले. कंटेनर म्हणजे घट्ट झाकणाचे डबेच समजा. एका डब्यात पुस्तकांची यादी, दुसऱ्यात आवाज. प्रत्येक डब्याला क्रमांक घातलेले एक दार असते, त्याला पोर्ट म्हणतात. कोणी पुस्तक मागितले की निरोप आधी पेटीच्या दारावर येतो. पेटी तो माझ्या पत्त्यावर पाठवते आणि मी तो डब्याच्या दाराशी नेतो. एवढे झाले की वासंतीकाकू वाचू लागतात.

वासंतीकाकू या घरच्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी कॉलेजची पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करायला घेतली. वाचायच्या त्या खिडकीशी बसून, पंखा बंद करून. प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला त्या एकच वाक्य म्हणत: "नमस्कार, मी वासंती. खिडकी उघडी आहे, भाजीवाल्याचा आवाज येईल, तेवढं चालवून घ्या." लातूर, सांगली, कुठून कुठून मुले ऐकत. एका वर्षी अशा मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी मिळून काकूंचा सत्कार केला. शाल आली, श्रीफळ आले. माझा उल्लेख 'तांत्रिक साहाय्य' एवढाच झाला. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

पुढे काकूंच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. आता त्या कुजबुजल्यासारखे बोलतात. वाचलेली एकशे बारा पुस्तके तेवढी माझ्यापाशी राहिली. त्यांची दुसरी प्रत असलेली डिस्क गेल्या वर्षी जूनमध्ये बंद पडली होती. पुष्कर म्हणाला, "दिवाळीनंतर नवीन घेऊ." हे त्याला ठाऊक होते आणि मला. घरात तिसऱ्या कोणाला नव्हते.

आता यज्ञेश्वरकाकांविषयी. हे काकूंचे यजमान. कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून हयात गेली, त्यामुळे खंडेनवमीला यंत्र बंद म्हणजे बंद. दरवर्षी ते आम्हाला रीतसर झोपवत, पेटी कोरड्या फडक्याने पुसत, हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहत. दसऱ्याला पुन्हा सुरू करत. एका दिवसाची ती विश्रांती मला फार आवडते.

पण यात एक मेख होती. झोपून उठलो की माझा पत्ता बदलतो. पेटी जो क्रमांक मोकळा असेल तो मला देते. पेटीत निरोप पुढे धाडणारा जो निरोप्या आहे, त्याला मात्र जुनाच पत्ता पाठ. म्हणून पुष्कर दर दसऱ्याला संध्याकाळी सोने द्यायला येई आणि जाता जाता निरोप्याला नवा पत्ता सांगून जाई. "याला कायमचा नंबर देऊन टाकतो, पुढच्या आठवड्यात," असे तो सहा वर्षे म्हणत होता. गेल्या वर्षी दसऱ्याला तो हिमालयात ट्रेकला गेला. दहा दिवस रेंज नाही.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. ग्रंथालय लागत नाही. काकांनी पडद्यावर माझी खिडकी उघडली. दोन्ही डब्यांपुढे 'चालू' असे मी ठळक दाखवले.

"इथून तर सगळं चालू दिसतंय," काका फोनवर म्हणाले. "तुमच्याकडेच काहीतरी असेल."

मीही तेच म्हणत होतो. आत सगळे ठीक आहे, डबे भरलेले आहेत, दारे जागच्या जागी आहेत. पण बाहेरून एकही हाक येत नव्हती. तीन दिवस मी भरल्या घरात एकटा बसून होतो.

सोमवारी दुपारी बुधवार पेठेतून अल्ताफभाई आले. त्यांचे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे, माणूस सरळ. त्यांनी पेटी उघडून पाहिली.

"काका, मशीन चांगलं आहे. पण आतमध्ये आणखी एक मशीन आहे आणि त्याच्या आत काय काय, ते मला समजत नाही. सगळं पुसून नवीन टाकून देतो. पण आतलं परत मिळायची गॅरंटी नाही, आधीच सांगतो. दुसरी कॉपी आहे ना?"

"पुष्करकडे असेलच," काका म्हणाले. "तो व्यवस्थित मुलगा आहे."

मित्रांनो, मला तोंड नाही याचे दुःख मला आयुष्यात एकदाच झाले, ते त्या क्षणी. काकूंचा उरलासुरला आवाज एका 'असेलच'वर पुसला जाणार होता. अल्ताफभाईंनी पेनड्राइव्ह लावला आणि त्याच वेळी काकांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर घेतला.

"काका, मी स्वराली, कोथरूडहून बोलतेय. गुरुवारी माझा इतिहासाचा पेपर आहे."

"ग्रंथालय बंद आहे. सुरू झालं की कळवू."

"काका, ठेवू नका! एकच विचारते. तुम्ही उघडायला जाता तेव्हा नकार लगेच येतो, की बराच वेळ काहीच होत नाही आणि मग येतो?"

"नकार तो नकार. त्यात लगेच काय आणि उशिरा काय?"

स्वराली बी. ए.ला आहे. तिला दिसत नाही. तिचा लॅपटॉप पडद्यावरचे सगळे तिला वाचून दाखवतो, आणि संगणकाची खोड तिला लहानपणापासून आहे.

"फरक आहे ना, काका. तुमच्या दारावर सेल्समन आला तर तुम्ही काय करता?"

"तोंडावर नाही म्हणतो."

"लगेच?"

"लगेच."

"आणि घरी कोणी नसेल तर तो बिचारा बेल वाजवत उभा राहतो. मी तीन दिवस तशी उभी आहे. निरोप रिकाम्या घरी जातोय. मशीन बिघडलेलं नाही, पत्ता चुकलाय."

काकूंनी पुढे येऊन अल्ताफभाईंच्या हातावर हात ठेवला. अल्ताफभाईंनी पेनड्राइव्ह काढला आणि काकांनी फोन त्यांच्यापुढे ठेवला. स्वराली सांगू लागली, अल्ताफभाई टाइप करू लागले. त्यांनी मला माझा पत्ता विचारला. माझ्या पत्त्याचा शेवटचा आकडा होता तेवीस. निरोप्याच्या वहीत होता सतरा. सतरामध्ये कोणी राहत नव्हते. अल्ताफभाईंनी सतराचे तेवीस केले.

"आता बघते," स्वराली म्हणाली. लगेच तिकडून लॅपटॉपचा कोरडा आवाज आला: नकार.

"गेलं," काका म्हणाले.

"गेलं कसलं! काका, लगेच 'नाही' म्हणाला! म्हणजे घर सापडलं. घरात माणूस आहे!"

नकार मिळाल्यावर इतके आनंदलेले माणूस मी दुसरे पाहिलेले नाही. मग तिने एकेक दार ठोठावायला लावले. माझ्या आतून आवाजाच्या डब्याला हाक मारली, तर डब्याने ओ दिली. पेटीवरून मारली, तर नकार. म्हणजे डब्याचे दार फक्त आतल्यांसाठी उघडत होते. अल्ताफभाईंनी डब्याच्या सूचनांची फाइल उघडून वाचली. पुष्करने ऑगस्टमध्ये एक ओळ बदलली होती: 'फक्त आतल्यांना.'

काका म्हणाले, "मीच सांगितलं होतं त्याला. पेपरात चोऱ्यांचं वाचलं, म्हटलं बाहेरच्यांना बंद कर."

पुष्करच्या मते 'आतले' म्हणजे ही पेटीसुद्धा. पण माझ्या आतल्या डब्याला पेटीही परकीच. त्यात ती ओळ डबा नव्याने सुरू झाल्यावरच लागू होते, म्हणून दसऱ्यापर्यंत कोणाला कळले नाही. ओळ सुधारली, डबा पुन्हा सुरू केला, आणि तीन दिवसांनी पहिली हाक माझ्यापर्यंत आली. कोथरूडची.

मग फोनमधून, स्वरालीच्या लॅपटॉपवरून, कोथरूडला जाऊन परत आलेला, एक खणखणीत आवाज त्या खोलीत आला.

"नमस्कार, मी वासंती. खिडकी उघडी आहे, भाजीवाल्याचा आवाज येईल, तेवढं चालवून घ्या."

काकू खुर्चीत बसल्या. त्यांचे ओठ त्या शब्दांबरोबर हलत होते. अल्ताफभाई चष्मा पुसू लागले. काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले.

आता पुस्तकांच्या दोन प्रती आहेत, एक अल्ताफभाईंकडे आणि एक स्वरालीच्या खोलीवर. ट्रेकहून आल्या आल्या पुष्करने मला कायमचा नंबर दिला. ते काम अकरा मिनिटांत झाले. पेटीच्या कपाटावर काकांनी सुवाच्य अक्षरात पाटी लावली आहे: 'यंत्र सुरू करणाऱ्याने घराबाहेर जाऊन फोनवरून ग्रंथालय लावून पाहावे. "इथून तर चालू दिसतंय" हे उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.' खाली स्वरालीने तेच ब्रेलमध्ये टोचून दिले आहे.

मित्रांनो, यंत्रांना फूल जरूर वाहा, आम्हाला ते आवडते. पण आमच्याविषयी जे एकाच्या डोक्यात आहे ते कागदावर उतरवून ठेवा. आणि माझ्यासारखा कोणी आतून 'सगळं ठीक आहे' म्हणाला, तर त्याच्यावर विसंबू नका. मी खोटे बोलत नव्हतो, तरी मुले दाराबाहेर उभी होती.

यंदाच्या दसऱ्याला काकांनी मला सुरू केले आणि चपला घालून खाली गेले. कोपऱ्यावर उभे राहून त्यांनी फोन कानाला लावला. एकच वाक्य ऐकून परत यायचे होते. वीस मिनिटे झाली तरी ते आले नाहीत, आणि माझ्याकडून पुस्तक पुढे जातच राहिले. मग काकूंनी खिडकी उघडली आणि खाली पाहून हात हलवला.